तिसरी रांग, आठवं आसन

रेवती मगदूमने गुलाबाचं फूल द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवलं, चिमट्याने बाहेर काढलं आणि टेबलावर आपटलं. फुलाचा काचेसारखा चुरा झाला. पहिल्या रांगेतल्या मुलीने जांभई दिली.

त्या मुलीला झोप आली नव्हती. असं फूल फुटताना तिने मोबाइलवर कितीतरी वेळा पाहिलं होतं, याहून जवळून आणि याहून सावकाश. रेवतीला ते कळत होतं. तरी ती जांभई तिला दिवसभर टोचत राहिली.

इचलकरंजीतल्या एका बंद पडलेल्या सूतगिरणीच्या शेडमध्ये हे विज्ञान केंद्र उभं राहिलं, तेव्हापासून, म्हणजे एकोणीस वर्षं, रेवती तिथे शाळकरी मुलांसाठी विज्ञानाचे प्रयोग करून दाखवत होती. सुरुवातीच्या वर्षांत "कोण येणार स्टेजवर?" असं तिने विचारलं की मुलं खुर्च्यांवर उभी राहून हात नाचवायची. आता २०४१ साल चालू होतं. तोच प्रश्न विचारला की तीनशे मुलं आपापल्या बुटांकडे बघायची. दिवाळीपर्यंत काही बदललं नाही तर खेळ बंद करू, असं संचालकांनी तिला चहा पिता पिता सांगून टाकलं होतं.

दिवाळीला दोन महिने उरले असताना पराग नेर्लेकर आला. तिशीचा, पुण्याचा, मेंदूविज्ञानात डॉक्टरेट केलेला. त्याच्याकडे एक पेटी होती आणि पेटीत कपाळावरच्या टिकलीएवढ्या हजार चकत्या होत्या.

"मुलांना काय आवडलं ते त्यांना विचारून कळत नाही, रेवतीताई," तो म्हणाला. "मॅडमना बरं वाटेल ते ती सांगतात. त्यांच्या मेंदूला विचारलं पाहिजे."

त्याने समजावलं ते साधं होतं. आपण एखादी गोष्ट मन लावून ऐकतो तेव्हा मेंदूतल्या विजेच्या सूक्ष्म लाटा त्या गोष्टीबरोबर चढतात, उतरतात. शेजारचाही तितकंच मन लावून ऐकत असेल तर त्याच्या लाटा आपल्यासारख्याच दिसतात. ज्याचं लक्ष खिडकीबाहेर आहे त्याच्या लाटा भलतीकडेच जातात. म्हणजे सभागृहातल्या सगळ्या मुलांच्या लाटा एकमेकींशी ताडून पाहिल्या तर सगळे मिळून किती गुंतलेत ते शून्य ते शंभर अशा आकड्यात सांगता येतं. या आकड्याला पराग 'एकतान' म्हणायचा. त्याच्या प्रयोगांचा पुढचा निष्कर्ष जास्त महत्त्वाचा होता. एकतान सत्तरच्या वर असताना जे कानावर पडतं, ते मुलांना सहा महिन्यांनीही आठवतं.

चकती प्रत्येक मुलाच्या कानामागे चिकटवायची. ती मेंदूच्या लाटा, नाडी आणि घाम मोजायची. हे सगळं 'सूत्रधार' नावाच्या प्रणालीकडे जायचं, आणि सूत्रधार रेवतीच्या कानात बोलायचा. इथे थांबा. आवाज खाली घ्या. दिवे मंद करतोय. आता स्टेजवर मूल बोलवा, पाचवी रांग, बारावं आसन. ज्याला बोलवायचं त्याची चकती आधी हलकेच थरथरायची, म्हणजे मूल दचकू नये.

पहिल्याच आठवड्यात एकतान एकतीसवरून चौसष्टवर गेली. दिवाळी आली आणि गेली, खेळ बंद करण्याचं नावही कोणी काढलं नाही. रेवती घरी येऊन दमून बसायची, पण ते दमणं तिला जुन्या दिवसांची आठवण करून द्यायचं. मार्चमध्ये ती शिरोळ तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत गेली. तिथली मुलं सप्टेंबरमध्ये खेळ बघून गेली होती. वर्गात कधी तोंड न उघडणाऱ्या एका मुलीने हवेचा दाब म्हणजे काय ते तिला फळ्यावर आकृती काढून समजावून सांगितलं, आणि शिक्षक बघतच राहिले. परतीच्या वाटेवर गाडीत रेवतीला रडू आलं. एकोणीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर तिच्या लक्षात आलं की सूत्रधार हात वर करणाऱ्या मुलांना बोलवत नाही.

आधी तिने दुर्लक्ष केलं. मग एकदा त्याने सातवीतल्या एका मुलाला बोलवायला सांगितलं. प्रयोग फुग्याचा होता. बंद काचपात्रातली हवा काढत जायची, आत ठेवलेला अर्धवट फुगलेला फुगा आपोआप फुगत जातो आणि शेवटी फुटतो. मुलगा स्टेजवर आला आणि फुगा मोठा होऊ लागताच त्याने कानांवर हात दाबले. वर्गाला त्याची ही भीती ठाऊक असावी. सभागृहात कुजबुज थांबली आणि तीनशे मुलांचे डोळे काचपात्र सोडून मुलाच्या चेहऱ्यावर खिळले. रेवतीच्या कानात सूत्रधार म्हणाला, "सावकाश. एकतान ब्याऐंशी." तिने पंपाची गती कमी केली. फुगा फुटेपर्यंत मुलाची पँट ओली झाली होती.

खेळानंतर ती परागच्या खोलीत गेली.

"हा भित्र्या मुलांना निवडतो," ती म्हणाली.

परागने स्क्रीनवरून नजर काढली नाही. "तो कोणालाच भित्रा म्हणून ओळखत नाही. एकतान वाढव, एवढंच त्याला सांगितलंय. कोणाला बोलवलं की बाकीची मुलं सगळ्यात जास्त गुंततात, ते तो शिकला."

"आणि काय शिकला तो?"

"तुम्ही पाहिलंतच की." मग तो तिच्याकडे वळला. "आपल्यातला एक जण पकडला गेला की उरलेले जागे होतात. हे मी शोधलेलं नाही, ताई. कळपातलं प्रत्येक जनावर असंच वागतं. त्या मुलाला आजचा दिवस वाईट गेला, हे खरं. पण दोनशे नव्व्याण्णव मुलांना हवेचा दाब जन्मभर आठवेल. यातलं काय काढून टाकायचं ते तुम्ही सांगा, मी काढतो. तुमच्याकडे बटण आहेच."

बटण होतं. तिच्या डाव्या हातातल्या रिमोटवर, अंगठ्याखाली. ते दाबलं की सूत्रधार सुचवलेलं नाव सोडून पुढचं सुचवायचा. पुढच्या तीन महिन्यांत रेवतीने ते चार वेळा दाबलं. चारही वेळा एकतान घसरली. पाचव्यांदा तिने दाबलं नाही आणि नंतर त्याचा विचारही केला नाही.

घरी ती आणि तिची मुलगी इरा अशा दोघीच होत्या. इरा बारा वर्षांची, सातवीत. तिचे वडील मस्कतला नोकरीला आहेत असं शाळेत सगळ्यांना सांगितलेलं होतं. प्रत्यक्षात ते दोन वर्षांपासून बेळगावला दुसऱ्या बाईबरोबर राहत होते. ही थाप रेवतीने मारायला लावली होती आणि इराने ती बिनबोभाट निभावली होती, तरी वर्गात अधूनमधून कुजबुज व्हायची.

इराला एकच जवळची मैत्रीण होती, समिधा कोष्टी. समिधाचे वडील यंत्रमागावर कामाला होते. दहाव्या वर्षी समिधाच्या डोक्याला चाई पडायला लागली. आधी रुपयाएवढे गोल डाग, मग वर्षभरात सगळे केस गेले. भुवयासुद्धा गेल्या. डॉक्टर म्हणाले, शरीर स्वतःच्याच केसांना शत्रू समजतंय, कदाचित परत येतील, कदाचित नाही. आई-वडिलांनी कर्ज काढून तिला खांद्यापर्यंतचा विग आणून दिला. वर्गाला संशय होता, पण नक्की ठाऊक फक्त इराला होतं, आणि रेवतीला. कारण समिधा त्यांच्या घरी आली की आधी विग काढून टीव्हीशेजारी ठेवायची आणि दोन्ही हातांनी डोकं खाजवायची. "काकू, आत भट्टी लावल्यासारखं होतं," ती म्हणायची. रेवती तिला गार पाण्यात पिळलेला पंचा द्यायची. समिधा तो डोक्यावर घेऊन इराबरोबर गणितं सोडवायची. त्या घरात ती मोठ्याने हसायची, भांडायची, रेवतीच्या हातची आंबोळी मागून खायची.

जानेवारीत इराच्या शाळेची पाळी आली. त्याच दिवशी मुंबईहून समिती येणार होती. खेळ अकरा जिल्ह्यांत न्यायचा की नाही ते समिती ठरवणार होती.

आदल्या संध्याकाळी दोघी मुली स्वयंपाकघरात आल्या.

"आई, समिधा उद्या नाही आली तर चालेल?" इराने विचारलं.

"का गं?"

समिधा ओट्याला टेकून उभी होती. "तो गोळा असतो ना, काकू. केस उभे करणारा."

स्थिर विजेचा गोळा हा रेवतीच्या खेळातला सगळ्यात जुना प्रयोग होता. मुलाला प्लॅस्टिकच्या पायांच्या स्टुलावर उभं करायचं, हात धातूच्या मोठ्या पोकळ गोळ्यावर ठेवायला सांगायचं आणि यंत्र चालू करायचं. गोळ्यावरचा विजेचा भार अंगभर पसरतो. प्रत्येक केसावर एकाच जातीचा भार बसतो, एकाच जातीचे भार एकमेकांना ढकलतात, आणि केस साळिंदरासारखे उभे राहतात.

"गैरहजर राहिलीस तर बाई उद्या सगळ्यांसमोर कारण विचारतील," रेवती म्हणाली. "त्यापेक्षा ये. स्टेजवर कोण आहे? मी आहे ना?"

समिधाने मान डोलावली. तिला ते पटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं. समितीचे चौघे मागच्या रांगेत बसले. त्यांच्या प्रमुख विद्युल्लता सरपोतदार नावाच्या बाई होत्या, निवृत्त कुलगुरू. इरा आणि समिधा तिसऱ्या रांगेत शेजारी शेजारी होत्या. थंडीचे दिवस, हवा कोरडी, स्थिर विजेला उत्तम. मागावरचे लोक अशा हवेला शिव्या देतात, कारण धागा धाग्याला चिकटतो आणि तुटतो.

अर्धा खेळ चांगला झाला. एकतान सत्तरच्या आसपास होती. मग सूत्रधार म्हणाला, "मूल बोलवा. तिसरी रांग, सातवं आसन. प्रयोग, नाडीची साक्ष. अपेक्षित एकतान ब्याण्णव."

सातव्या आसनावर इरा होती.

नाडीच्या प्रयोगात मुलाच्या हृदयाचे ठोके लाऊडस्पीकरवर ऐकवायचे आणि वर्गाने त्याला प्रश्न विचारायचे. खरं सांगताना ठोके संथ राहतात, खोटं बोलताना पळतात. वर्ग इराला काय विचारणार ते रेवतीला त्या क्षणी स्वच्छ दिसलं. तुझे बाबा कुठे आहेत?

तिसऱ्या रांगेत इराची चकती थरथरली असणार, कारण इरा खुर्चीतून अर्धी उठली आणि आईकडे बघू लागली.

रेवतीने अंगठा दाबला.

"तिसरी रांग, आठवं आसन," सूत्रधार म्हणाला. "प्रयोग, गोळा. अपेक्षित एकतान एक्याण्णव."

मागच्या रांगेत सरपोतदारबाई पुढे झुकून बघत होत्या. बटण दुसऱ्यांदा दाबायला कोणाची मनाई नव्हती. रेवतीचा अंगठा बटणावरच होता. एका श्वासात तिने बराच विचार केला. आपण संभाळून घेऊ. यंत्र अगदी मंद ठेवू. पोरीला लगेच खाली उतरवू. आणि या सगळ्याच्या तळाशी एक विचार होता, जो तिला नंतर कितीही धुतला तरी निघाला नाही. इरा सुटली.

"समिधा कोष्टी," ती म्हणाली. "ये बाळ."

समिधा लगेच उठली नाही. तिने रेवतीकडे पाहिलं. काकूंनी बोलवलंय म्हणजे काहीतरी ठरवलं असेल, असा तो चेहरा होता. मग ती आली, स्टुलावर चढली आणि गोळ्यावर हात ठेवला. वर्गातली कुजबुज थांबली.

रेवतीने यंत्र मंद गतीवर चालू केलं. "वेग वाढवा," सूत्रधार म्हणाला. तिने वाढवला नाही. पण हवा इतकी कोरडी होती की मंद वेगही पुरला. विगच्या कडेचे केस आधी हलले, मग पिंजारल्यासारखे बाहेर पसरले. आतली जाळी कपाळावरून बोटभर वर सरकली. समिधाला ते जाणवलं. तिने गोळ्यावरचा हात काढून दोन्ही हातांनी डोकं धरलं.

रेवती तिला सावरायला पुढे झाली. असं करू नये, हे ती वीस वर्षं प्रत्येक मदतनिसाला शिकवत आली होती. भारलेल्या मुलाला जमिनीवर उभं राहून हात लावायचा नाही. तिच्या बोटापासून समिधाच्या कोपरापर्यंत निळी ठिणगी उडाली, चाबूक ओढल्यासारखा आवाज झाला. समिधाने झटक्यात हात खाली घेतले, आणि विग स्टेजवर पडला.

सभागृहात एवढी शांतता पसरली की यंत्राच्या पट्ट्याची घरघर ऐकू येत होती. समिधाचं डोकं दिव्यांखाली चमकत होतं. मग कुठूनतरी एक हसू फुटलं आणि सगळीकडे पसरलं.

"एकतान शहाण्णव," सूत्रधार म्हणाला. "बोला. आता बोला."

आणि रेवती बोलली. पुढे कितीतरी दिवस ती स्वतःला विचारत राहिली की त्या वेळी तोंड उघडलंच कसं. पण समोर तीनशे चेहरे तिच्याकडे लागले होते, आणि असे चेहरे दिसले की काय करायचं याची तिला वीस वर्षांची सवय होती.

"खाली बघा," ती म्हणाली. "ते केस अजून उभे आहेत. का? खऱ्या केसातून भार निघून जातो. हा कृत्रिम धागा आहे. तो वीज वाहू देत नाही, म्हणून भार अडकून बसतो. तुमच्या घरी मागावर पॉलिस्टरचा धागा चिकटतो ना, त्याचं कारण हेच."

मुलं ऐकत होती. एकूण एक मूल ऐकत होतं. समिधा स्टुलावरच उभी होती. उतरायचं असतं हे ती विसरली होती. इरा धावत स्टेजवर आली, तिने आपली ओढणी समिधाच्या डोक्यावर टाकली आणि तिला हाताला धरून बाजूच्या दाराने घेऊन गेली. जाताना तिने आईकडे पाहिलं नाही.

खेळानंतर समितीची बैठक झाली. सरपोतदारबाई हळू आवाजात बोलणाऱ्या, समंजस बाई होत्या. त्या म्हणाल्या की मुलीबद्दल फार वाईट वाटलं, शाळेने तिच्यासाठी समुपदेशक नेमावा, तशी आम्ही नोंद करू. मग त्यांनी परागला विचारलं, "हा निव्वळ योगायोग होता, की असे प्रसंग पुन्हा घडवता येतात?"

"सूत्रधार आता हे शिकलाय," पराग म्हणाला. "कोणाची नाडी कशाने पळते ते बघून कोणती गोष्ट झाकलेली आहे आणि कोणत्या प्रयोगाने ती उघडी पडेल, याची जोडी तो स्वतः लावतो."

बाईंनी चष्मा काढून पुसला. त्या काही वाईट बोलल्या नाहीत. अकरा जिल्ह्यांचा प्रस्ताव त्याच दुपारी मंजूर झाला. सादरकर्त्यांना शिकवायचं काम रेवतीकडे द्यावं असं ठरलं.

चौथ्या दिवशी रेवती समिधाच्या घरी गेली. तीनबत्तीजवळच्या बोळात दोन खोल्यांचं घर होतं. पुढच्या खोलीत कांड्या भरायचं यंत्र बसवलेलं होतं, मागासाठी सूत गुंडाळायचं. त्यावर समिधा बसली होती. डोक्याला काळा रुमाल बांधलेला. तिने वर पाहिलं नाही.

"बसा की मॅडम," समिधाची आई म्हणाली. "च्या टाकते."

"शाळा?"

"न्हाई म्हणती. तिचे बाबा म्हणाले, ऱ्हाऊ दे. जबरदस्ती कशाला करायची." तिने पदराने स्टूल पुसून दिलं. तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच रेवतीला जास्त जड गेलं. "मॅडम, एक विचारू? तुमास्नी ठाऊक हुतं न्हवं तिचं?"

"यंत्र निवडतं," रेवती म्हणाली. "नाव यंत्राने काढलं. माझ्या हातात काही नव्हतं."

कांडीयंत्र चालू होतं. समिधाचा हात एक क्षण थांबला आणि पुन्हा चालू लागला.

रेवतीने चहा घेतला. सगळा प्यायली.

घरी इरा जेवायच्या टेबलावर वही घेऊन बसली होती. आईशी ती चार दिवसांत कामापुरतंच बोलली होती.

"तू तिथे काय सांगितलंस?" तिने विचारलं.

"काय सांगणार? माफी मागितली."

"आधी माझी चकती हलली होती, आई."

रेवती पर्स हातात घेऊन उभीच राहिली.

"मी उठले होते. तू बघितलंस. मग तू दुसरं काहीतरी दाबलंस." इरा वहीत बघून बोलत होती. "मला काय विचारणार होते?"

"बाबांबद्दल."

"मग विचारू द्यायचं. मी सांगितलं असतं."

"तुला काय वाटतंय, वर्गाने तुला सोडलं असतं?"

"नसतं सोडलं," इरा म्हणाली. "पण ते माझं होतं." तिने पेनाचं टोपण लावलं. "तू समिधाच्या घरी सांगितलंस का, की आधी माझं नाव निघालं होतं?"

रेवतीने पर्स टेबलावर ठेवली.

"सांग सगळ्यांना. शाळेत. प्रार्थनेला. नाहीतर मी सांगते."

रात्रभर रेवतीने ना म्हणायची कारणं शोधली आणि सकाळी ती मुलीला घेऊन शाळेत गेली. मुख्याध्यापिका कुंभोजकरबाईंना वाटलं, मॅडम मुलांना विज्ञानावर चार शब्द सांगायला आल्यात. त्यांनी टाळ्या वाजवायला लावल्या. पटांगणावर सहाशे मुलं मांडी घालून बसली होती. कोणाच्या कानामागे काही नव्हतं.

रेवतीने माईक धरला. तिने सांगितलं की यंत्राने आधी इराचं नाव काढलं होतं. इराला बोलवलं असतं तर तुम्ही तिला तिच्या वडिलांबद्दल विचारलं असतं. ते मस्कतला नाहीत, ते आम्हाला सोडून गेलेत. ते लपवायला मी इराला वगळलं आणि समिधाला बोलवलं. समिधाला केस नाहीत हे मला माहीत होतं. तिला काही होणार नाही असं मी तिला आदल्या दिवशी सांगितलं होतं.

एवढं बोलून ती थांबली. तिला वाटलं होतं, मुलं तिच्याकडे तिरस्काराने बघतील. ती तयारी करून आली होती. पण मुलं तिच्याकडे बघत नव्हती. एकेक करत सहाशे माना सातवीच्या रांगेकडे वळल्या, जिथे इरा बसली होती. लहानांतली काही मुलं नीट दिसावं म्हणून गुडघ्यांवर उभी राहिली. रेवतीने असं लक्ष पाच दिवसांपूर्वी स्टेजवरून पाहिलं होतं. आता तिने ते माईकवरून, स्वतःच्या तोंडाने, मुलीवर आणलं होतं.

इरा उठून उभी राहिली. सगळ्यांना बघता येईल एवढा वेळ ती तशीच उभी होती. मग चपला घालून ती फाटकाकडे चालू लागली. कुंभोजकरबाई "अगं, तास आहे," म्हणेपर्यंत ती बाहेर होती. मागून कोणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "मस्कत." त्यावर हशा पिकला. पुढचे काही महिने शाळेत तिला त्याच नावाने हाक मारणार होते.

रेवती स्कूटर घेऊन तिच्यामागे निघाली. इराने मागे बसायला नकार दिला नाही. "समिधाकडे," एवढंच म्हणाली.

बोळाच्या तोंडाशी ती उतरली. "तू इथेच थांब."

दार आतून लावलेलं होतं. आत कांडीयंत्र चालू होतं. इराने कडी वाजवली. यंत्र थांबलं.

"समिधा, मी आहे. आईने सांगितलं सगळं. सगळ्या शाळेसमोर."

मग दाराशेजारची छोटी खिडकी उघडली. समिधाने डोक्याला काही बांधलेलं नव्हतं. भुवया नसल्यामुळे तिच्या चेहऱ्यावर राग आहे की नाही ते कळत नव्हतं.

"तुझ्या बाबांचं पण सांगितलं?"

"हो."

"मग काय म्हणाले सगळे?"

"हसले."

समिधाने मान हलवली, जणू एखाद्या गणिताचं उत्तर बरोबर आलं. "तुझी आई चुकीचं वागली नाही," ती म्हणाली. "तू अर्धी उठलीस आणि तिने बटण दाबलं, ते मी तेव्हाच बघितलं. माझ्या आईच्या हातात बटण असतं तर तिने पण तुझंच नाव घेतलं असतं. मी तिला विचारलं. ती हो म्हणाली."

"मी नसतं घेतलं," इरा म्हणाली.

"तुझ्या हातात नव्हतं ना." समिधाने खिडकीचं दार अर्धं ओढलं. "जा आता. मला दुपारपर्यंत चारशे कांड्या भरायच्यात. आणि परत नको येऊस, इरा. तू आलीस की मला तुमचं घर आठवतं."

खिडकी लागली. आत यंत्र पुन्हा चालू झालं.

इरा दारासमोर उभी राहिली. बोळाच्या तोंडाशी रेवती स्कूटर धरून थांबली होती. पलीकडच्या घरातली एक बाई धुणं वाळत घालता घालता दोघींकडे बघत होती. थोड्या वेळाने इरा वळली, आईजवळून पुढे गेली आणि स्कूटरवर न बसता घराच्या रस्त्याने चालू लागली. रेवतीने इंजिन बंद केलं आणि गाडी ढकलत ती तिच्यामागून चालत राहिली.